तहानेवरचा हुकूम

आमच्या शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात पाण्याची टाकी होती आणि तिला तीन नळ. खेळाच्या तासाला मैदानाला फेऱ्या मारून झाल्या की आम्ही मुले आधी त्या नळांकडे बघायचो आणि मग सरांकडे. तोंडातली शिट्टी न काढताच सर मानेने 'नाही' म्हणायचे. धावून आल्याबरोबर पाणी प्यायले तर पोटात कळ येते, छाती भरते आणि मुख्य म्हणजे दमसास वाढत नाही, असे त्यांचे म्हणणे. जो तहान मारायला शिकला तो शर्यत जिंकायला शिकला. एकदा स्पर्धेच्या सरावात आमच्यातला एक जण भोवळ येऊन पडला. त्याला सावलीत नेले, डोक्यावर ओला रुमाल ठेवला, तोंड पुसले. पाण्याचा पेला मात्र त्याच्या हाती अर्ध्या तासाने आला.

सर दुष्ट नव्हते. त्या मुलाला त्या दिवशी त्यांनीच सायकलवर डबलसीट घरी सोडले. त्यांना त्यांच्या सरांनी जे शिकवले तेच ते आम्हाला शिकवत होते. पण त्यांच्या सरांना कोणी शिकवले होते? हा प्रश्न माझ्या डोक्यात पन्नाशी ओलांडल्यावर पुन्हा उगवला आणि मग सुटेना. मी काही शरीरशास्त्राचा विद्यार्थी नाही. जुने अहवाल, नियतकालिकांतले शोधनिबंध, शर्यतींच्या नोंदी असे हाती लागेल ते वाचत गेलो. सुरुवातीला माझी समजूत अशी होती की, पाणी आणि दमसास यांच्या नात्याचा इतिहास म्हणजे अज्ञानाकडून ज्ञानाकडे जाणारा सरळ रस्ता असणार. तसा तो नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत कधी 'पिऊ नका' असा हुकूम निघाला, कधी 'प्यायलाच पाहिजे' असा. हुकूम बदलत राहिले; ज्याला तहान लागली आहे त्याला विचारण्याची रीत मात्र फार उशिरा पडली, आणि काही ठिकाणी ती अजूनही पडलेली नाही.

सेंट लुईची धूळ

३० ऑगस्ट १९०४. अमेरिकेतल्या सेंट लुई शहरात तिसरे आधुनिक ऑलिंपिक चालू होते. त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास मॅरेथॉन सुटली. पारा ३२ अंशांच्या आसपास, रस्ता कच्चा, वाटेत सात टेकड्या. धावपटूंच्या पुढेमागे पंच, डॉक्टर आणि पत्रकार यांच्या मोटारी आणि घोडेस्वार. त्यांनी उडवलेल्या धुळीतून वाट काढत पळायचे. सुमारे ४० किलोमीटरच्या या रस्त्यावर पिण्याच्या पाण्याची नाव घेण्याजोगी जागा म्हणजे बाराव्या मैलाजवळची विहीर.

ही गैरसोय नव्हती, योजना होती. स्पर्धांचे मुख्य व्यवस्थापक जेम्स सलिव्हन यांना शरीराला मुद्दाम पाणी कमी पडू दिले तर काय होते ते पाहायचे होते. त्यांच्या दृष्टीने ती शर्यत हाच एक प्रयोग होता. ३२ जण धावले, १४ जणांनी शर्यत पुरी केली. सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला विल्यम गार्सिया रस्त्याच्या कडेला पडलेला सापडला. धूळ गिळून त्याच्या पोटात रक्तस्राव झाला होता. तो थोडक्यात वाचला.

पहिला आला तो थॉमस हिक्स, इंग्लंडमध्ये जन्मलेला, मॅसॅच्युसेट्समध्ये पितळेचे काम करणारा कारागीर. त्याने वाटेत पाणी मागितले. त्याच्या सोबतच्या मदतनिसांनी ते दिले नाही. ओल्या बोळ्याने तोंड तेवढे पुसले. त्याऐवजी त्याला स्ट्रिकनीन देण्यात आले, अंड्याच्या पांढऱ्या बलकात घालून. स्ट्रिकनीन म्हणजे कुचल्याच्या बियांतले विष. त्या काळी ते थोड्या मात्रेत उत्तेजक म्हणून वापरत. पुढे ब्रँडीही पाजली. शेवटच्या टप्प्यात हिक्सला भास होत होते. ३ तास २८ मिनिटे ५३ सेकंद या वेळेत तो पोचला, आणि त्या धावण्यात त्याचे वजन आठ पौंडांनी, म्हणजे साडेतीन किलोहून अधिक घटले. त्याच्या मदतनिसांपैकी चार्ल्स लुकस यांनी पुढच्याच वर्षी पुस्तक लिहून या औषधपाण्याची हकिगत अभिमानाने सांगितली. विष चालेल, पाणी नको. आज हे वाचताना हसू येते. पण १९०९ साली सलिव्हन यांनी मॅरेथॉनवर जे मार्गदर्शनपर पुस्तक काढले त्यातही धावताना खाण्यापिण्याची सवय लावून घेऊ नये, असाच सल्ला होता. म्हणजे प्रयोगाचा निकाल समोर येऊनही सिद्धांत जागचा हलला नाही.

तो हलायला फार वर्षे लागली. १९५४ साली व्हँकुव्हरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत (तेव्हा तिला साम्राज्य स्पर्धा म्हणत) इंग्लंडचा जिम पीटर्स भर उन्हात पहिल्या क्रमांकाने स्टेडियममध्ये शिरला. दुसरा धावपटू पंधरा मिनिटांहून अधिक मागे होता. पीटर्स लडबडत, पुनःपुन्हा कोसळत, उठत राहिला आणि अंतिम रेषेपर्यंत पोचू शकला नाही. त्यानंतर तो कधीही स्पर्धेत धावला नाही. वाटेत पाणी न घेणे हा ज्या पिढीच्या धावपटूंना पुरुषार्थ वाटे, त्या पिढीचा तो अग्रणी. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मॅरेथॉनच्या आंतरराष्ट्रीय नियमांत पहिले ११ किलोमीटर पेयपानाला मनाई होती. आमच्या सरांच्या शिट्टीचे गोत्र ते हे.

घामाचा हिशेब

पाणी कमी झाले की दम का तुटतो? उत्तर स्नायूंत शोधण्याआधी रक्तात शोधावे लागते. आपण जे इंधन जाळतो त्यातला जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामाला लागतो. उरलेल्याची उष्णता होते. ती बाहेर टाकली नाही तर शरीर आतल्या आत तापत जाते. माणसाकडे यावर प्रभावी उपाय घामाचा. एक लिटर घाम अंगावर पुरता वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो; म्हणून कोकणातल्या मे महिन्यात माणूस भिजतो आणि तरी तापतो.

पण घाम येतो तो शेवटी रक्तातल्या पाण्यातूनच. घामाची भरपाई झाली नाही की रक्ताचे आकारमान घटते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक बाहेर पडणारे रक्त कमी होते आणि ती तूट भरून काढायला नाडी जलद होते. त्याच वेळी त्या अपुऱ्या रक्ताचे दोन मागणीदार भांडू लागतात: स्नायूंना ते प्राणवायूसाठी हवे असते, त्वचेला उष्णता बाहेर टाकण्यासाठी. घरात एकच बादली पाणी आणि भांडीही घासायची, आंघोळही करायची, तसा हा प्रकार. १९९२ साली टेक्सास विद्यापीठातल्या माँटेन आणि कॉइल या संशोधकांनी सायकलपटूंना उष्ण खोलीत दोन तास सायकल मारायला लावून, दर वेळी वेगवेगळ्या प्रमाणात पाणी देऊन हे मोजले. जितकी पाण्याची तूट जास्त तितकी नाडी चढलेली, तितके शरीर तापलेले. आपण ज्याला 'अंगात त्राण उरले नाही' म्हणतो, त्याचा मोठा भाग हा असा असतो.

खाण आणि धरण

ही समज मैदानावर आली ती कामाच्या जागेवरून. त्या काळच्या क्रीडाशिक्षकांना जे दिसले नाही, ते खाणमालकांना आणि ठेकेदारांना नाइलाजाने बघावे लागले, कारण मजूर पडला की काम थांबते.

१९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये केनेथ नेव्हिल मॉस आणि ज्येष्ठ शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी खोल, उष्ण कोळसाखाणींतल्या कामगारांचा अभ्यास केला. मँचेस्टरजवळच्या पेंडलटन खाणीत कामगारांना हातापायांत आणि पोटात भयंकर गोळे येत. नवल हे, की गोळे पाणी न पिणाऱ्यांना नव्हे, तर भरपूर साधे पाणी पिणाऱ्यांना येत. जहाजांच्या भट्ट्यांपुढे कोळसा ओढणाऱ्या आगवाल्यांचीही हीच तक्रार जुनी होती. उलगडा असा, की घामातून नुसते पाणी जात नाही, मीठही जाते. पाणी भरून काढले आणि मीठ नाही काढले, तर रक्त पातळ होते. पिण्याच्या पाण्यात थोडे मीठ टाकल्यावर गोळे थांबले.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवायला नको होते. भाकरी, कांदा, मीठ-मिरचीचा ठेचा आणि वर ताक ही शिदोरी घामाचा हिशेब चुकता करणारीच आहे. उन्हातून आलेल्याला आधी गूळ-पाणी पुढे करायचे, या रिवाजातही तहानलेल्याला थांबवून धरणे नाही. अर्थात रिवाज आणि शास्त्र यांची सरमिसळ करू नये. पण शाळेच्या मैदानावरचा हुकूम आमच्या घरांतून आलेला नव्हता, एवढे मला यावरून वाटते.

पुढची नोंद अमेरिकेतल्या हूवर धरणाची. १९३१ च्या उन्हाळ्यात कोलोरॅडो नदीच्या त्या तापलेल्या घळईत कामगार उष्माघाताने पटापट मरू लागले. १९३२ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या थकवा-प्रयोगशाळेतले संशोधक तिथे जाऊन राहिले. ही प्रयोगशाळा १९२७ साली निघाली ती हार्वर्डच्या व्यवसाय-प्रशासन शाळेच्या इमारतीत. माणूस थकतो कशाने, हा प्रश्न वैद्यकाइतकाच उत्पादनाचाही होता, हे त्या पत्त्यावरूनच कळते. डेव्हिड ब्रूस डिल आणि जॉन टॅलबॉट यांनी कामगारांचा घाम, रक्त, लघवी तपासली. उन्हाला सरावलेल्या माणसाच्या घामातले मीठ कमी होत जाते, नव्याने आलेल्याच्या घामातून ते जास्त जाते, असे दिसले. गोळे येणाऱ्यांना सलाइन दिल्यावर आराम पडला. कामगारांना आधी मिळणाऱ्या 'भरपूर पाणी प्या' या सल्ल्याला 'जेवणात मीठ वाढवा' अशी जोड मिळाली.

सैनिकाची बाटली

दुसरे महायुद्ध उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात पोचले तेव्हा लष्करापुढे प्रश्न उभा राहिला. लष्करातली जुनी समजूत अशी, की सैनिकाला हळूहळू पाणी कमी करत नेले तर त्याला कमी पाण्यात लढण्याची सवय होते. 'पाण्याची शिस्त' हा शब्दच त्यासाठी रूढ होता. रॉचेस्टर विद्यापीठाचे एडवर्ड अडॉल्फ आणि त्यांचे सहकारी १९४२ पासून कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात ही समजूत तपासायला उतरले. सैनिकांबरोबर तेही चालले, तेही तहानले. १९४७ साली त्यांनी या अभ्यासाचे पुस्तक प्रसिद्ध केले.

त्यांचे निष्कर्ष आजही वाचण्यासारखे आहेत. पाण्याविना राहण्याची सवय शरीराला लावता येत नाही. उन्हाची सवय होते, तहानेची होत नाही. बाटलीतले पाणी राखून ठेवल्याने माणूस जास्त टिकत नाही. ते बाटलीत असण्यापेक्षा पोटात असलेले बरे. पाणी वाचवायचे असेल तर तहान नव्हे, घाम वाचवा: सावलीत थांबा, रात्री चाला, अंगात सदरा ठेवा. शरीराच्या वजनाच्या पाच टक्क्यांपर्यंत पाणी घटले की बेचैनी, चिडचिड, झोपाळूपणा, नाडीची धडधड. सहा ते दहा टक्क्यांच्या टप्प्यात डोकेदुखी, भोवळ, बोबडी वळणे आणि शेवटी चालताच न येणे, अशी पायरी-पायरीची नोंद त्यांनी करून ठेवली.

त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. पाणी मुबलक असतानाही माणूस कष्ट करता करता घाम गेला तितके पाणी पीत नाही. तहान मागे रेंगाळते. याला त्यांनी 'स्वेच्छेची तूट' अशा अर्थाचे नाव दिले. पण ती तूट जेवणाच्या वेळी भरून निघते, हेही त्यांनीच नोंदवले. घास आणि घोट, मीठ आणि पाणी बरोबर आले की शरीर आपला हिशेब आपण जुळवते. त्यासाठी फक्त निवांत बसून जेवायला मिळाले पाहिजे.

१९४४ साली हार्वर्डच्या त्याच प्रयोगशाळेत पिट्स, जॉन्सन आणि कोन्सोलाझिओ यांनी हा प्रश्न सरत्या पट्ट्यावर, म्हणजे ट्रेडमिलवर, नेऊन ठेवला. सुमारे ३८ अंश तापमान, ताशी साडेतीन मैलांची चढाची चाल, दर तासाला थोडी विश्रांती. पाणी न घेणारे काही तासांत गळाले, त्यांचे अंग तापत गेले. तहान लागेल तेवढे पाणी घेणारे त्यांच्याहून बरे राहिले. आणि तासातासाला घामाइतके पाणी घेणारे सर्वांत चांगले चालले. सलिव्हन यांच्या प्रयोगाचे उत्तर अशा रीतीने चाळीस वर्षांनी लिहून निघाले.

लिंबू, मीठ, साखर

यापुढची हकिगत बरीचशी प्रसिद्ध आहे. १९६५ साली फ्लोरिडा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या एका साहाय्यक प्रशिक्षकाने किडनीतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट केड यांना विचारले, की सामना चालू असताना खेळाडूंना लघवीला का जावे लागत नाही? सगळे पाणी घामावाटे जात होते, हे उत्तर. केड यांनी पाणी, मीठ आणि साखर यांचे मिश्रण केले. चव इतकी वाईट की पिववेना. मग त्यांच्या पत्नीने सुचवले, त्यात लिंबू पिळा. झाले ते आपले लिंबू-सरबत. अमेरिकेने त्याला 'गेटोरेड' म्हटले.

साखर कशाला, याचे कारण फक्त ताकद हे नव्हे. १९६० साली प्रागच्या परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी मांडले होते, की आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत जातात. त्यांच्या पाठोपाठ पाणी ओढले जाते. खेळाडूंच्या पेयामागचे हेच तत्त्व १९७१ साली आपल्या पूर्व सीमेवर फार मोठ्या कामी आले. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ होती. सलाइन संपले, शिरा शोधायला हात पुरेनात. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या पाण्याच्या पुड्या बनवून त्या नातेवाइकांच्या हाती दिल्या. जिथे तीसच्या आसपास टक्के रुग्ण दगावत होते तिथे हे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. त्या पाण्याचा पेला परिचारिकेकडे नव्हता, आईच्या हातात होता. रोगी मागेल तसे द्यायचे. या इतिहासात तहानलेल्या माणसावर विश्वास टाकल्याचे उदाहरण शोधायला गेलो तेव्हा मला सर्वांत आधी सापडले ते हे.

उलटा हुकूम

मैदानावर मात्र लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १९७० नंतर सामान्य माणसे हौसेने मॅरेथॉन धावू लागली आणि 'पिऊ नका'च्या जागी 'तहान लागण्याआधी प्या' हे वाक्य आले. तहान उशिरा लागते, म्हणून तिच्यावर भरवसा ठेवू नका, असा त्याचा अर्थ. अडॉल्फ यांचे अर्धेच म्हणणे उचलले गेले. जेवताना तूट भरून निघते हे अर्धे मागे राहिले. १९९६ साली अमेरिकन क्रीडावैद्यकाच्या प्रमुख संघटनेने घामाइतके किंवा पोटाला सोसेल तितके प्यावे, अशी शिफारस केली. पेयांच्या कंपन्यांचा पैसा तोवर क्रीडासंशोधनात आलेला होता. २०१२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने या लागेबांध्यांवर सविस्तर शोधलेख छापला.

धोक्याची खूण दक्षिण आफ्रिकेतून आली. १९८१ सालच्या 'कॉम्रेड्स' या सुमारे ९० किलोमीटरच्या शर्यतीत एक बाई बेशुद्ध पडली. तिने पाणी टाळले नव्हते, उलट जपून नियमाने प्यायले होते. रक्तातले सोडियम फार खाली गेले होते. पेंडलटनच्या खाणकामगारांचाच तो आजार, अधिक उग्र रूपात: रक्त इतके पातळ होते की मेंदूला सूज येते. केप टाऊनच्या डॉ. टिम नोक्स यांनी १९८५ साली अशा चार जणांच्या हकिगती प्रसिद्ध केल्या. त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. २००२ साली बॉस्टन मॅरेथॉनमध्ये याच कारणाने एका तरुणीचा मृत्यू झाला. त्याच शर्यतीतल्या ४८८ धावपटूंचे रक्त तपासले होते; त्यांतल्या १३ टक्क्यांचे सोडियम धोकादायक पातळीकडे उतरलेले आढळले. हा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. अधिक धोका कोणाला? जे हळू धावतात, चार तासांहून जास्त वेळ घेतात आणि धावून आल्यावर ज्यांचे वजन वाढलेले भरते, त्यांना.

दुसऱ्या टोकाला हाईले गेब्रसेलासी. दुबईची मॅरेथॉन जिंकताना त्याचे वजन ९.८ टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. अडॉल्फ यांच्या तक्त्याप्रमाणे अशा माणसाला चालताही येऊ नये. यातले काही वजन जळलेल्या इंधनाचे, हे खरे. तरीही सर्वांना एकच आकडा लावता येत नाही, हे यावरून दिसते. आज तज्ज्ञांचे बरेचसे म्हणणे मधल्या जागी स्थिरावले आहे: वजनाच्या दोनेक टक्क्यांहून फार तूट होऊ देऊ नये, वजन वाढेल इतके पिऊ नये, आणि तहान लागली की प्यावे. शंभर वर्षे फिरून आल्यावर शास्त्र तहानेपाशी येऊन थांबले.

फडातली तहान

इथे लेख संपवता आला असता. पण 'तहान लागली की प्या' हे सांगायला सोपे आहे, ते ज्याच्या हाती पाणी आहे आणि ज्याला प्यायला वेळ आहे त्यालाच.

एल साल्वादोर या मध्य अमेरिकेतल्या छोट्या देशात ऊसतोड कामगारांना ऐन तारुण्यात मूत्रपिंडाचा आजार होऊन ते मरतात, ही गोष्ट २००२ च्या सुमारास वैद्यकीय नियतकालिकांत आली. त्यांना मधुमेह नव्हता, रक्तदाबाची जुनी व्याधी नव्हती. कारणांविषयी वाद अजून मिटलेला नाही; पण उन्हातले अतिकष्ट आणि रोजची पाण्याची तूट यांच्यावर संशयाचा मोठा रोख आहे. २०१४-१५ च्या हंगामात तिथे एक प्रयोग झाला. कामगारांच्या पाठीवर पाण्याच्या पिशव्या दिल्या, नळी तोंडाशी. फडाजवळ हलवता येणारी सावली उभारली, विश्रांतीच्या वेळा बांधून दिल्या आणि नव्या घडणीचा, कमी वाकावे लागेल असा कोयता दिला. कामगारांच्या सांगण्याप्रमाणे त्यांचे पाणी पिणे पाव पटीने वाढले. आणि त्या गटात माणशी रोजची तोड ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेली. श्रेय एकट्या पाण्याचे नाही, कोयत्याचेही आहे. पण विश्रांतीत आणि पाणी पिण्यात वेळ गेला म्हणून काम घटते, ही मुकादमी समजूत त्या फडात तरी खोटी ठरली.

आपल्याकडे ऊसतोडीच्या हिशेबात कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून अशा लाखो जोड्या मुकादमाकडून उचल घेऊन निघतात. पहाटे अंधारात तोड सुरू होते. वाकून बुडख्याला कोयता, पाचट काढणे, मोळी बांधणे, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे. २०१९ साली गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांमुळे यातल्या बायका बातम्यांत आल्या आणि सरकारने चौकशी समिती नेमली. त्या निमित्ताने जे अहवाल आणि मुलाखती छापून आल्या त्यांत एक साधी गोष्ट पुनःपुन्हा येते: दिवसभर पाणी कमी प्यायचे, कारण फडावर आडोसा नाही. तहान लागली नाही म्हणून नव्हे, पाणी नाही म्हणूनही नव्हे. प्यायले तर जायचे कुठे, म्हणून.

सेंट लुईच्या रस्त्यावर सलिव्हन यांनी पाणी ठेवले नव्हते. फडावर कोणी 'पिऊ नका' म्हणत नाही, शिट्टी वाजवणारे कोणी नाही. तरी हुकूम तोच चालतो, आणि तो पाळणारी बाई दिवसभर वजने उचलते.

याच उसाचा शेवट ज्या कारखान्यात होतो त्याच्या आत काय आहे? १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कामगारांना पिण्याच्या पाण्याची सोय सक्तीची केली. पाण्याच्या जागेवर कामगारांना कळेल अशा भाषेत पाटी हवी, ती जागा शौचालयापासून ठरावीक अंतरावर हवी आणि २५० हून अधिक कामगार असतील तर उन्हाळ्यात पाणी थंड करून द्यायला हवे, इतक्या बारकाईने ते लिहिलेले होते. स्वतंत्र शौचालयांचे कलम त्याच्या लगेच पुढचे. कायदा करणाऱ्यांना दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी ठेवाव्या लागतात हे कळत होते. ती सोय गव्हाणीपाशी थांबते, फडापर्यंत पोचत नाही.

हे शेजारपण आणखी जुने आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात शरीराचे जे तेरा वेग अडवू नयेत म्हणून सांगितले आहेत, त्यांत मूत्राचा वेग आहे, तहान आहे आणि श्रमाने लागलेली धापही आहे. वाग्भटाने शरद आणि ग्रीष्म सोडून एरवी निरोगी माणसानेही पाणी बेताने प्यावे, असे म्हटले. पण तहान मारावी असे म्हटले नाही. बेताने पिणे वेगळे आणि तहान अडवणे वेगळे, हा भेद आपल्या वैद्यकाला ठाऊक होता. ऊस तोडणारी बाई यातले तिन्ही वेग एकाच दिवशी अडवते: धाप, तहान आणि लघवी.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा टोळ्या निघालेल्या असतील किंवा निघण्याच्या तयारीत असतील. त्यांच्यासाठी काय हवे ते काही मोठे शास्त्र नाही. ते पेंडलटनमध्ये, बनगावमध्ये आणि एल साल्वादोरमध्ये शिकून झालेले आहे. फडाच्या बांधावर पाण्याचे पिंप, त्याच्याजवळ मीठ-साखर, चार बांबूंवर ताडपत्रीची सावली आणि थोडे पलीकडे चारही बाजूंनी झाकलेला आडोसा, ज्यात जायला बाईला कोणाची परवानगी मागावी लागणार नाही. आमच्या शाळेतल्या नळांना पाणी कायम असायचे. आमची अडचण फक्त सरांच्या मानेची होती.